कोयत्याच्या मुलखातला राजा

पायातल्या चपला इथंच काढून ठेवा. जिथं निघालोय तिथं तुम्ही सहा वर्षांचे आहात, आणि त्या गावात सहा वर्षांच्या पोराला कुणी चप्पल घेऊन देत नाही. मनगटावरचं घड्याळही सोडा. तिथं वेळ सांगायला कोंबडा आहे, गाईंचा कळप आहे आणि माळावरून सरकणारी सावली आहे.

आता डोळे उघडा. वर माळवद दिसतंय. काळ्या पडलेल्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. अंगावर आजीची वाकळ आहे आणि ती धुरानं वासाळलेली आहे. बाहेर अशी थंडी आहे की तोंड उघडलं की फुटलेला ओठ चरचरतो. चुलीत पऱ्हाट्या तडतडतायत. आई भाकरी थापतेय, तिच्या बांगड्या आणि परात यांचा एकच ठेका चाललाय. तव्यावरून उतरवलेली भाकरी ती चुलीच्या तोंडाशी उभी करते. भाकरी फुगते, आणि नव्या ज्वारीचा गोडसर वास ढेलजेपर्यंत जातो. "उठ की रं, किती लोळायलास?" ही हाक तुम्हालाच आहे.

हे परळी तालुक्यातलं नाथ्रा. साल १९५५. जिल्हा बीड, पण राज्य अजून हैदराबाद. गाव मराठी जिल्ह्यांबरोबर मुंबई राज्यात जायला एक वर्ष बाकी आहे आणि त्याची तुम्हाला काही फिकीर नाही. तुम्हाला फिकीर आहे ती आडाच्या पाण्याची. पोहरा वर येतो, पाणी तोंडावर मारलं की दात वाजतात. मग कालची शिळी भाकरी, वर तिखटाचा गोळा, त्यात तेलाचा थेंब. पाटी बगलेत मारून धुळीतून पळत सुटायचं.

शाळेला भिंती नाहीत. वर्ग झाडाखाली भरतो. ऊन सरकलं की गुरुजींची खुर्ची सरकते, आणि खुर्ची सरकली की तुम्ही सगळे बुडाखालची पोत्याची घडी उचलून सावलीत सरकता. पाढे मोठ्यानं म्हणायचे असतात, कारण पलीकडं मोट चालू असते आणि चाकाच्या कुरकुरीत बारीक आवाज बुडून जातो. शेजारी बसलेल्या पोरांकडं बघा. सगळ्यांच्या गुडघ्यांवर सारखीच खरचटं, नाकं सारखीच वाहती. त्यांतच पांडुरंगराव आणि लिंबाबाई मुंडे यांच्या शेतकरी घरातला गोपीनाथ आहे. जन्म १२ डिसेंबर १९४९. हा पुढं कोण होणार, ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं नाही. तुम्ही टक लावून बघू नका, गुरुजींची छडी येईल.

संध्याकाळी पारावर जाऊन बसा. म्हाताऱ्यांच्या बंड्यांना तंबाखूचा आणि बैलाचा वास येतो. एक आबा कनवटीचा रुपया काढून तुमच्या तळहातावर ठेवतात. त्यावर चारमिनार आहे. हा हाली शिक्का. बाजारात तो अजून चालतो, पण सात हाली दिले तर सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, मिळतात, हे गणित गुरुजींच्या आधी तुम्हाला आबांनी शिकवलंय. रुपया गार लागतो. "हे कुणाचं?" तुम्ही विचारता. "हुजुराचं," आबा म्हणतात. हुजूर म्हणजे हैदराबादचा निजाम. या पारावरच्या एकानंही त्याला कधी पाहिलेलं नाही. तरी त्याचं नाव घेताना आबांची पाठ जराशी वाकते. निजामाच्या बाजूनं लढलेल्या रझाकारांचा विषय निघाला की बाया पोरांना आत घेतात, अजूनही.

निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं. झाडाखालचं ते पोर त्यानंतर जेमतेम पंधरा महिन्यांनी जन्मलं. मला या हिशेबाचं फार महत्त्व वाटतं. राजा गेला होता, पण राजाकडं बघायची नजर या मुलखातून गेली नव्हती. तहसिलीच्या दारात वहाणा काढायच्या, कागद दोन्ही हातांनी धरायचा, साहेबानं वर बघेपर्यंत उभं राहायचं, हे सगळं अंगात मुरलेलं होतं. ती नजर पुढची साठ वर्षं कुणाला तरी शोधत राहिली. तुम्ही तिच्यामागं चला.

आता वय वाढवा. तुम्ही अठरा वर्षांचे आहात, साठचं दशक संपत आलंय आणि तुम्ही परळीहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत दांडीला लटकून उभे आहात. डिझेल, विडी, घाम आणि कुणाच्या तरी पिशवीतली मेथी. कंडक्टर तिकिटांच्या पेटीवर चिमटा वाजवत गर्दीतून वाट काढतो. गाडी चढाला लागते, गिअर बदलताना सगळी गाडी गचका खाते आणि तुम्ही पुढच्याच्या पाठीवर आपटता. कुणी रागावत नाही, कारण त्याच्या पाठीवर आपटायला मागं दुसरा तयार आहे.

अंबाजोगाईत तुमची भाड्याची खोली आहे. तिघांत एक कंदील, एक आरसा आणि एक चांगला सदरा. ज्याची तोंडी परीक्षा असेल त्यानं सदरा घालायचा. दुपारी तुम्ही एसटी स्टँडवर जाऊन उभे राहता, कारण गावाकडून जेवणाचा डबा गाडीनं येतो. आईनं पहाटे केलेल्या भाकरी फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या मागं ठेवलेल्या असतात. डब्यांच्या ढिगातून फडक्याच्या रंगावरून आपला डबा ओळखायचा. भाकरी कडक झालेली असते, येसराची आमटी फडक्यात पाझरलेली असते, आणि फडक्याला घराचा वास असतो. मराठवाड्यातल्या कितीतरी वकील, डॉक्टर आणि आमदारांचं शिक्षण या फडक्यांवर झालंय.

गाव छोटं आहे, पण त्याला आपल्या वयाचा अभिमान आहे. योगेश्वरीच्या देवळात पहाटे घंटा घुमते, कुंकवाचा आणि ओल्या दगडाचा वास येतो. मुकुंदराजांच्या समाधीकडं उतरत जाणारी दरी आहे, तिथं पोरं परीक्षेच्या आधी पुस्तकं घेऊन जातात आणि गप्पा मारून परत येतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी निजामाच्या काळात ज्या गावात शाळा चालवली, ते हेच. म्हणून इथला चहावालासुद्धा राजकारणावर ठामपणे बोलतो.

कॉलेजच्या निवडणुकीचे दिवस आहेत. भिंतींवर गेरूनं नावं रंगवलेली, घोषणांनी गळे बसलेले, चहाच्या टपरीवर उधारीच्या वह्या जाड झालेल्या. बाकड्यावर उभं राहून एक जण बोलतोय आणि पोरं टाळ्या विसरून ऐकतायत. तो प्रमोद महाजन. त्याच्या शेजारी उभा असलेला, खेड्यातल्या पोरांना नावानं हाका मारून पुढं बोलावणारा, तो आपल्या झाडाखालच्या वर्गातला गोपीनाथ. दोघांच्या जन्मात सहा आठवड्यांचं अंतर आहे. महाजनांनी त्याला विद्यार्थी परिषदेच्या कामात ओढलंय. पुढं महाजनांची बहीण प्रज्ञा त्याची बायको होईल, पण ते अजून दूर आहे.

संध्याकाळी हे दोस्त तुम्हाला संघाच्या शाखेत नेतात. मैदानावर धूळ उडतेय, शिट्टी वाजते, कबड्डीत कुणाचा तरी गुडघा फुटतो. मग सगळे रांगेत उभे राहून प्रार्थना म्हणतात. तुमच्या एका बाजूला गावातल्या ब्राह्मणवाड्यातलं पोर आहे, दुसऱ्या बाजूला किराणा दुकानदाराचं. तुम्ही वावरातून आलेले. पायाला शेण आणि काळी माती अजून चिकटलेली. संघाच्याच विचाराच्या जनसंघाला तेव्हा लोक शेटजी-भटजींचा पक्ष म्हणायचे, आणि गर्दीतल्या आडनावांची यादी केली तर ते खोटं नव्हतं. वंजारी शेतकऱ्याच्या घरातला हा तरुण त्या रांगेत उभा राहिला तेव्हा रांगेलाही कळलं नसेल की तिच्या मागोमाग कोण चालत येणार आहे. माझ्या मते मुंडे यांच्या साऱ्या कारकिर्दीचं मर्म इथं आहे. हिंदुत्वाचा विचार त्यांना कॉलेजात भेटला. तो वाहून नेणारी माणसं मात्र त्यांनी नाथ्र्यासारख्या गावांतून आणली, आणि त्या माणसांनी विचाराआधी माणूस पाहिला.

ते पुण्याला लॉ कॉलेजात जातात. तुम्ही जाऊ नका. तुम्ही गावातच थांबा, कारण १९७२ यायचं आहे.

पाऊस नाही. आभाळाकडं बघून मान दुखते. आडात पोहरा सोडला तर तो तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून आजी पदर तोंडाला लावते. बैल उठत नाहीत, त्यांच्या फासळ्या मोजता येतात. तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडताय. हातोडा दगडावर पडला की ठिणगी आणि बारीक कपची डोळ्याकडं येते, म्हणून पापण्या मिटून घाव घालायची सवय होते. बाया ओळीनं बसल्यात, त्यांच्या पदराखाली लेकरं. दुपारी सुकडी वाटली जाते. गोडसर, पिठूळ, टाळूला चिकटणारी. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी होते, ती थापताना चिरते आणि खाताना घशात अडकते. "ही जनावराची ज्वारी हाय," असं आजी म्हणते आणि तरीही तुकडा मोडून तुमच्या हातात देते.

त्या वर्षांत कितीतरी घरांनी कोयता उचलला. ऊस तोडायला आधीही माणसं जात होती, पण आता गल्लीच्या गल्ली निघाली. आणि इथून पुढं बीड जिल्ह्याचं वर्ष दोन भागांत कापलं गेलं: गावातले महिने आणि फडातले महिने.

मधली काही वर्षं मी तुम्हाला भराभर नेतो. आणीबाणीत मुंडे नाशिकच्या तुरुंगात होते. १९७८ ला जिल्हा परिषदेत निवडून आले, १९८० ला रेणापूरमधून आमदार झाले, १९८५ ला हरले, १९९० ला परत आले. १९९१ च्या डिसेंबरात विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. हे सगळं तुम्ही पारावर रेडिओच्या खरखरीतून ऐकलंत. ऐकण्यापेक्षा बघण्यासारखं जे आहे तिकडं आता जाऊ.

दसऱ्याचा दिवस. साल १९९५. तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पंचवीस माणसांत उभे आहात आणि भगवानगडाकडं जाणारा रस्ता धुळीनं दिसेनासा झालाय. गड बीड आणि अहमदनगर जिल्ह्यांच्या सीमेवर, पाथर्डीच्या बाजूला. भगवानबाबांनी उभारलेलं हे ठिकाण. पोरं शाळेत घाला, देवापुढं जनावर कापू नका, असं गावोगाव सांगत फिरलेला हा वारकरी संत. तुमच्या आजीच्या गळ्यातली माळ त्यांच्याच सांगण्यावरून आली.

ट्रॉलीतून उडी मारा. पाय जमिनीला लागत नाहीत अशी गर्दी आहे. तुम्हाला चालावं लागत नाही, मागचे लोक तुम्हाला पुढं नेतात. झेंडूचा उग्र वास, भज्यांच्या कढईचा धूर, तापलेलं तेल, गुलाल, नव्या लुगड्याची खळ. आपट्याची पानं पायाखाली चुरडतायत. कर्णा मधेच शिट्टी मारतो आणि हजारभर माणसं कानावर हात ठेवतात. टाळ वाजतोय, दुसरीकडं डफ. एक म्हातारी तुमच्या खांद्याचा आधार घेऊन टाचा उंचावते. "दिसायलेत का साहेब?" "न्हाई अजून, मावशी." "दिसले की सांग रं बाबा, मला कमी दिसतंय."

त्या वर्षी मार्चमध्ये मुंडे उपमुख्यमंत्री झालेत, गृहखातंही त्यांच्याकडं आहे. गाडी येते. गर्दीतून एक लाट येते आणि तुमचा श्वास छातीत अडकतो. भगवानबाबांचा जयजयकार, पाठोपाठ साहेबांचा. फेटा बांधलेला माणूस आधी समाधीकडं जातो, डोकं टेकवतो, मग माणसांकडं वळतो. बोलायला लागल्यावर तो मुंबईचं बोलत नाही. वावरातलं बोलतो, मधेच थांबतो, कोपरखळी मारतो, लोकांना हसू देतो आणि हसू ओसरायच्या आत आवाज चढवतो. तुमच्या शेजारची मावशी हात जोडून उभी आहे. तिला भाषण नीट ऐकू येत नाही. तिला ते ऐकायचंही नाही. पोलिसाला बघून जिच्या घरातली माणसं मागच्या दारानं निघून जायची, तिच्या घरासारख्या घरातला एक पोरगा आज राज्याच्या पोलिसांचा मालक आहे. एवढं तिला पुरतं.

आबांची आठवण येते का? हाली रुपया हातात धरताना वाकलेली ती पाठ? इथं तीच पाठ आहे, पण ती ताठ झालीय. राजा मानायचाच असेल तर तो आपल्यातला, आपल्या भाकरीवर वाढलेला मानू, असं या गर्दीनं ठरवलंय. लोकशाहीत माणसाला राजा मानण्याचे धोके मला ठाऊक आहेत, आणि बीडनं ते धोके सोसलेतही. तरी त्या दिवशी त्या मावशीच्या शेजारी उभं राहून कुणीही तिला चूक म्हणून दाखवावं.

सभा संपते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, कारण ही गर्दी उद्यापासून पांगणार आहे.

ट्रक दारात येतो. त्यात काय काय चढतं ते बघा: भांडी, वाकळा, पत्र्याची पेटी, सहा महिन्यांची ज्वारी, कोंबड्या टोपलीखाली, एक शेळी, बांबू आणि कोपीची ताडपत्री, सगळ्यांत वर तुम्ही. म्हातारा आणि शाळेतलं पोर दारात राहतात. गाडी हलली की पोर पळत येतं, वेशीपर्यंत येतं, मग थांबतं. मजुरांची टोळी नेणारा मुकादम समोरच्या केबिनमध्ये बसलाय. त्याच्या वहीत तुमची उचल लिहिलीय, पावसाळ्यातच घेतलेली आणि खर्चूनही झालेली. आता ती ऊस तोडून फेडायची. वहीत तुमचं आणि बायकोचं नाव वेगळं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांपैकी एक आजारी पडलं तर कोयता अर्धा होत नाही, बंद पडतो, आणि त्याचा खाडा धरला जातो.

फड. पहाटेचे चार. उसावरचं दव अंगावर सांडतं आणि सदरा पाठीला चिकटतो. उसाच्या पानाची धार बोटं कापते, त्याची बारीक कूस मानेत शिरते आणि दिवसभर खाजत राहते. डाव्या हातानं ऊस कवळायचा, उजव्या हातानं बुडख्यावर घाव. ऊस बुडाशी तोडावा लागतो, वर तुकडा राहिला तर मालक ओरडतो. म्हणून कंबर सकाळी वाकते ती दुपारी भाकरी खाताना सरळ होते. बायको पाचट सोलते, वाढे वेगळे काढते, मोळी बांधते. बांधावर लुगड्याची झोळी आहे, तिच्यात लेकरू. ते रडलं तर ती एक नजर टाकते, हात थांबत नाहीत. दिवसात दोघं मिळून दीड-दोन टन ऊस तोडता. मग रात्री ट्रक येतो. फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन वर चढायचं. फळी दवानं निसरडी असते, ट्रकचा दिवा डोळ्यांत असतो, आणि तुमच्या पुढं चढणारी बाई सात महिन्यांची गरोदर आहे. ड्रायव्हर हॉर्न मारतो.

बैलगाडीवाल्यांचं वेगळं. त्यांची रात्र कारखान्याच्या आवारात जाते, शेकडो गाड्यांच्या रांगेत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, शेणाचा, मळीचा आणि उकळत्या रसाचा वास. वजनकाटा, मग गव्हाण. नंबर लागेपर्यंत गाडीवान जुवाला टेकून झोपतात आणि रांग सरकली की झोपेतच बैल हाकतात.

या माणसांना संप परवडत नाही. उचल डोक्यावर असताना एक दिवस कोयता टांगून ठेवला तर कर्ज एक दिवसानं वाढतं. तरी संप झाले. बबनराव ढाकणे यांनी ही माणसं आधी गोळा केली होती. पुढं मुंडे यांच्या शब्दावर कोयते कोपीच्या कुडाला अडकवले गेले आणि ट्रक गावातून हललेच नाहीत. संपाचे दिवस आठवून बघा. हाताला काम नाही, पारावर माणसं बसलीत, तंबाखू संपत आलीय, बायको विचारते आणखी किती दिवस. तिकडं साखर कारखाने ऊस वाळतोय म्हणून ओरडतायत. मग वाटाघाटी होतात. मजुरांच्या वतीनं मुंडे, कारखान्यांच्या बाजूनं शरद पवार, असा दोघांचा लवाद बसायचा आणि पुढच्या काही हंगामांचा टनाचा भाव तिथं ठरायचा. एरवी हे दोघं एकमेकांचे कडवे विरोधक. बातमी येते, वाढ झालीय. ती पुरेशी नाही, कधीच नव्हती. पण ज्या खोलीत तुमच्या घामाचा भाव ठरतो त्या खोलीत तुमच्या ओळखीचा एक माणूस बसलेला आहे, हे तुमच्या बापाला कधी मिळालं नव्हतं.

परळीत त्यांच्या घरापुढची सकाळ बघायची असेल तर उजाडायच्या आत पोचा. औष्णिक केंद्राची राख अंगणात, झाडांवर, जिभेवर. वैद्यनाथाला बेल वाहून आलेले लोक तसेच ओल्या कपाळानं दारात थांबलेत. कुणाच्या हातात दवाखान्याचे कागद, कुणाच्या बदलीचा अर्ज, कुणाचं पोरगं पुण्यात ॲडमिशनला अडलंय. आत बोलावलं की वहाणा दारात काढल्या जातात. साहेब कागद वाचायच्या आधी गावाचं नाव विचारतात, आणि गाव कळलं की त्या गावातल्या आणखी दोघांची चौकशी करतात. माणूस काम झाल्याच्या खुशीत बाहेर पडतो. काम अजून व्हायचं असतं. पुढं पांगरीला वैद्यनाथ साखर कारखाना उभा राहिला आणि परळीच्या हवेत राखेबरोबर मळीचा वास मिसळला. दुसऱ्यांच्या कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मुलखाला घरचं धुराडं दिसायला लागलं.

आता शेवटचा मुक्काम. साल २०१४, जून महिना. मुंडे २००९ पासून लोकसभेत होते, आणि २६ मे ला दिल्लीत त्यांनी केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतलीय. ३ जूनला ते जिल्ह्यात सत्कारासाठी यायला निघालेत. चौकात कमान बांधलीय, फेटे आणलेत, ढोलवाल्यांना विसार दिलाय. सकाळी तुम्ही कमानीच्या दोऱ्या आवळत शिडीवर उभे आहात आणि खाली कुणाचा तरी मोबाईल वाजतो. दिल्लीत विमानतळाकडं जाताना गाडीला धडक. शिडीवरून उतरताना पायरी चुकते. कुणी म्हणतं अफवा आहे. टीव्हीच्या दुकानापुढं माणसं जमतात, आणि मग एक बाई भर बाजारात जमिनीवर बसते.

४ जूनची परळी. ऊन डोक्यात शिरतंय. गाड्या गावाबाहेर अडल्यात आणि लोक डांबर मऊ झालेल्या रस्त्यावरून चालत निघालेत. कारखान्याच्या आवारात झाडांवर, टाक्यांवर, पत्र्यांवर माणसं चढलीत. पाण्याचे पाऊच पायाखाली फुटतात. घाम, धूळ, झेंडू, राख. गर्दी पुढं रेटते, पोलीस मागं रेटतात, मधे तुम्ही. चौकशीच्या घोषणा उठतात, माइकवरून त्यांची लेक पंकजाताई लोकांना शांत राहायला सांगतायत. मग त्याच, मुलगी असून, बापाला अग्नी देतात. तुमच्या शेजारचा सहा फुटी गाडीवान लेकरासारखा रडतो.

एवढी माणसं आली कुठून, असं त्या दिवशी मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांनी विचारलं असेल. उत्तर हंगामात आहे. हे जानेवारीत घडतं तर यांतली निम्मी माणसं कोल्हापूर-सांगलीच्या आणि कर्नाटकाच्या फडात असती, उचलीत अडकलेली, यायला मोकळी नसलेली. जूनमध्ये हंगाम संपलेला असतो, पेरणी व्हायची असते, कोयते आढ्याला खोचलेले असतात. कोयत्याचा सगळा मुलूख एकाच वेळी घरी असतो तो या थोड्या आठवड्यांत. म्हणून तो सगळा आला.

परत फिरायची घाई करू नका. गावात आणखी काही आठवडे थांबा. पाऊस पडतो, तापलेल्या मातीचा वास उठतो, कापसाचं बी सरीत जातं. एका संध्याकाळी मुकादमाची मोटरसायकल दारात थांबते. तो ढेलजेत बसतो, पाणी पितो, साहेबांचा विषय निघतो आणि दोघंही थोडा वेळ बोलत नाहीत. मग तो वही काढतो. पुढच्या हंगामाची उचल. नोटा मोजायला तो अंगठा जिभेला लावतो.

"टनाला भाव काय हाय औंदा?" तुम्ही विचारता.

"ठरंल की. लवाद बसंल."

"आपल्याकडून कोण बसणार?"

मुकादम नोटा परत पहिल्यापासून मोजायला लागतो.